डे-एंड बाकी

आमच्या सोसायटीत मागं एका मंगळवारपासून मंगळवारच चालू होता. बाहेर उंब्रजच्या स्टँडवर बुधवार येऊन गेला, गुरुवार मावळला, महामार्गावरून पुण्या-बंगळूरच्या गाड्या शुक्रवारच्या घाईनं निघून गेल्या. सोसायटीच्या काउंटरवर मात्र तारीख हलायला तयार नव्हती. दिवस संपला की संगणकाला तसं कळवावं लागतं. त्याला डे-एंड म्हणतात. दिवसभराची किर्द जुळली, रोख शिल्लक बसली, की डे-एंड करायचा, मग संगणक दुसरा दिवस उघडतो. पूर्वी हे खातं सूर्याकडं होतं आणि त्याला पासवर्ड लागत नसे.

मंगळवारी घोटाळा असा झाला, की रोख शिल्लक चौदा रुपये जास्त निघाली. कमी निघाली असती तर क्लार्कनं खिशातून घालून विषय मिटवला असता. जास्त निघाल्यावर काय करायचं, हे कुणालाच माहीत नाही. तशी वेळ सहकारात फारशी येत नाही. मशिनला फरक सोसवेना, दिवस मिटेना. शुक्रवारी मध्यम मुदतीच्या कर्जाचा हप्ता भरायला आलेल्या एका सभासदानं पावती डोळ्यांजवळ धरली.

"आवं, ह्यावर मंगळवार कसा काय?"

"सिस्टीम मंगळवारात हाय."

"मग व्याज बी मंगळवारपातूरच लागलं आसंल?"

"व्हय, तेवढंच लागतंय."

एवढं ऐकून तो बाहेर पडला आणि तासाभरात काउंटरवर रांग लागली. ज्यांना नोटिसा देऊन हात दुखले होते, ती मंडळी स्वतःहून पैसे घेऊन आली. चेअरमन आबांनी रांगेकडं पाहिलं, क्लार्कच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "मंगळवार ऱ्हाऊ दे अजून दोन दिस."

हा उद्योग एकट्या आमचा नाही. 2022 च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे गावोगावच्या आपल्या विकास सोसायट्या, एका संगणक प्रणालीवर आणायचं ठरवलं. खर्च 2,516 कोटी रुपये, अंमलबजावणी नाबार्डकडं. हेतू उत्तम आहे. सोसायटीतली पावती, जिल्हा बँकेतलं खातं आणि राज्य बँकेतला आकडा एकमेकांना ओळखू लागावेत, एवढीच इच्छा. आमच्याकडं त्याआधी सोसायटीतल्या सोसायटीत दोन वह्या एकमेकींना ओळखत नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्यात माझा संबंध काय? मी तज्ज्ञ संचालक आहे. राज्यघटनेच्या 97 व्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्थांत असे संचालक घेण्याची सोय झाली. तज्ज्ञ संचालकाला सभेत बसता येतं, बोलता येतं, भजी खाता येतात. मत मात्र देता येत नाही. मी हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालो. नोकरीत असताना, वेतनवाढ अडकू नये म्हणून, एमएस-सीआयटीची परीक्षा दिली होती. त्या प्रमाणपत्रावर माझी नेमणूक झाली.

"कॉम्प्युटरचं कळतंय न्हवं, सर?" आबांनी विचारलं.

"परीक्षा पास आहे."

"बास की. मग कळायची काय गरज?"

पहिलं काम जुनी माहिती संगणकात चढवण्याचं. त्यासाठी पुण्याहून एक मुलगा आला. पाठीवर सॅक, कानात काहीतरी, स्वभावानं गुणी. आल्या आल्या म्हणाला, "सर, लिगसी डेटा देता का?" निवृत्त झालेले आमचे गटसचिव मुद्दाम बोलावले होते. त्यांनी कपाट उघडलं आणि लाल फडक्यात बांधलेल्या खतावण्या एकेक करून त्याच्यापुढं ठेवल्या. तिसऱ्या गठ्ठ्यानंतर तो मुलगा दिसेनासा झाला. पलीकडून नुसतं शिंकणं ऐकू येत होतं.

खरा प्रश्न नावांचा. आमच्याकडं एका नावाचे पाच-सहा सभासद सहज निघतात. त्यांच्यात वडिलांचं नावही सारखं, आडनाव तर जाधव नाहीतर कदम. सचिवांनी आयुष्यभर हा प्रश्न कंसानं सोडवला होता. नावापुढं (थोरला), (विहिरीवरचा), (मिलिटरी), (गिरणीवाला). गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली होती, गिरणीवाला आता टेम्पो चालवत होता. पण कंस पक्का होता. संगणकाला कंस चालत नाही. 'अवैध चिन्ह' म्हणून तो लाल होतो. कंस काढले आणि एका दुपारीत सहा वेगवेगळी माणसं एक झाली. संतांना जे अद्वैत आयुष्यभराच्या साधनेनं साधलं नाही, ते आमच्या क्लार्कला जेवणाच्या सुट्टीआधी साधलं. त्यात मिलिटरीचं कर्ज विहिरीवरच्याच्या नावावर गेलं, आणि विहिरीवरच्याची ठेव मिलिटरीला मिळाली. मिलिटरीनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शिस्तीचा माणूस.

आधारवर 'दत्तात्रय', सातबाऱ्यावर 'दत्तात्रेय', बँकेत 'दत्ताजी' आणि मतदार यादीत 'दत्तू' असलेला एक सभासद आहे. तो चारही ठिकाणी एकटाच आहे, हे सिद्ध करायला त्याला पाच कागद लागले आणि पाचव्या कागदावर त्याचं नाव 'दत्ता' आलं.

पण सचिव खरे पेटले ते शेऱ्यावरून. खतावणीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. दर पानाला उजवीकडं, बारीक अक्षरात, पेन्सिलीनं. पुण्याच्या मुलानं एक पान उघडून मोठ्यानं वाचायला घेतलं: "मुलगा मुंबईस, गणपतीत भरतो." पुढचं: "भावाशी बोलणे नाही, नोटीस वेगळी द्यावी." पुढचं: "म्हैस व्याल्यावर भरणार." त्याखाली वेगळ्या तारखेला: "म्हैस व्याली. तरी नाही." आणि एका पानावर नुसतं: "बोलणे गोड."

"सर, हे कुठल्या फील्डला टाकायचं?"

"फील्ड?" सचिव म्हणाले. "त्याचं फील्ड तारळीकाठी हाय, पाऊण एकर. त्यात काय टाकू नगंस, पानी लागतंय."

प्रणालीत शेऱ्याला जागा होती, नाही असं नाही. पण ती मोजक्या अक्षरांची, आणि पुन्हा भरणं सक्तीचं. शेरा रिकामा सोडला की पान पुढं सरकत नाही. क्लार्कनं उपाय काढला. त्यानं प्रत्येकाच्या शेऱ्यात एक टिंब दिलं. हजारभर सभासद, हजारभर टिंबं. गणपतीत भरणारा, म्हैसवाला, गोड बोलणारा, सगळे एका टिंबात बसले.

आमचं उंब्रज समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एका मारुतीचं गाव. त्यामुळं इथं कुठल्याही वादात समर्थ केव्हाही येऊ शकतात. सचिवांनी त्यांना तिथं आणलं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं वाटोळं काढावं, ओळी कशा सरळ असाव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वळण कसं एक राहावं, आणि कागदाच्या भोवतीनं जागा कशी मोकळी सोडावी, हे सगळं त्यात सांगून ठेवलंय. "समर्थांनी समासात समास सोडायला सांगितलाय," सचिव म्हणाले. "कशापायी? शेऱ्यापायी!" शेऱ्याची गोष्ट समर्थांनी केलेली नाही, हे मला माहीत होतं, पण तज्ज्ञ संचालकाला मत नसतं. मुलानं वहीत टिपून घेतलं: 'क्लायंटला मार्जिन हवे आहे.'

नावं झाल्यावर जमिनी. प्रणालीत क्षेत्र हेक्टर-आर मध्ये भरायचं. गावात क्षेत्र गुंठ्यात बोलतात. एका सभासदाचे चाळीस गुंठे, म्हणजे सरळ एक एकर, हेक्टरच्या चौकोनात पडले. चाळीस हेक्टर म्हणजे जवळपास शंभर एकर. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यात बारमाही बागायतीची मर्यादा 18 एकर. तो बिचारा रात्रभर झोपला नाही. सकाळी मात्र त्याच्या मुलाला, जो दोन वर्षं लग्नाचा खोळंबला होता, मसूरहून एक आणि चाफळहून एक अशी दोन स्थळं सांगून आली. दुपारी दुरुस्तीचा अर्ज घेऊन तो काउंटरपर्यंत आला, आणि तसाच परत गेला. "लगीन हुईपर्यंत ऱ्हाऊ द्या," म्हणाला.

मापांचा असा घोळ मोठमोठ्यांचा होतो, हे मी सभेत सांगितलं. 1999 साली नासाचं मंगळाकडं गेलेलं एक यान वाया गेलं, कारण एका गटानं पौंडात हिशेब केला होता आणि दुसऱ्यानं तो न्यूटनमध्ये समजून घेतला होता.

आबांनी मान डोलावली. "म्हंजे तिथं बी गुंठेवारी हायच."

गट नंबरांची गोष्ट आणखी न्यारी. मुलाकडं द्यायच्या याद्या क्लार्कनं आधी एक्सेलमध्ये केल्या. गट 12/3 लिहिलं की एक्सेल त्याची 12 मार्च करून ठेवतं. 5/2 ची 5 फेब्रुवारी. यादी छापून आली तेव्हा निम्मी शिवारं कॅलेंडरात जाऊन बसली होती. 112/3 वाले तेवढे वाचले, कारण 112 तारीख अजून निघालेली नाही. एक सभासद माझ्या घरी आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, माझी जमीन 12 मार्च झाली. आता पेरायचं कवा?"

यावर हसणाऱ्यांसाठी सांगतो. माणसाच्या शरीरात काही जनुकं आहेत, त्यांची शास्त्रीय नावं 'मार्च-1', 'सेप्ट-1' अशी होती. जगभरचे शास्त्रज्ञ त्यांच्या याद्या एक्सेलमध्ये करत आणि एक्सेल त्यांच्या तारखा करत असे. वर्षानुवर्षं हे चाललं. अखेर 2020 मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं एक्सेलपुढं हात टेकले आणि जनुकांची नावंच बदलून टाकली. हे ऐकल्यावर एका संचालकानं ठराव सुचवला, की आपणही सगळ्या शिवाराचे गट नंबर बदलून मागावेत. ठरावाला अनुमोदनही मिळालं. मी विरोध करणार होतो, पण वर सांगितलेली अडचण होतीच.

संगणकानं आमचं काम कमी केलं नाही, नाही म्हणणं मात्र फार सोपं केलं. पूर्वी सभासदाला परत पाठवायचं तर क्लार्कला डोकं चालवावं लागे. किल्ली नाही, साहेब कराडला गेलेत, शिक्का सापडत नाही. सभासदही मग कुणाच्या मेव्हण्याला गाठून वशिला लावी. आता क्लार्क पडद्याकडं बोट करून म्हणतो, "सिस्टीम घेत नाही." सिस्टीमची सासुरवाडी कुठं आहे हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळं पुढचा मार्गच खुंटला.

आणि वरून माहिती मागवणं तर इतकं सोपं झालंय, की मागवणाऱ्यालाही आपण काय मागवलंय हे आठवत नसावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दुपारी तीनला निरोप येतो: सोबतच्या नमुन्यात माहिती आज चारपर्यंत पाठवावी, अत्यंत तातडीचे. सोबतचा नमुना म्हणजे एक्सेलची प्रिंट काढून, तिचा मोबाइलवर फोटो घेऊन, तो आडवा पाठवलेला. क्लार्क मान वाकडी करून तो वाचतो, कागदावर रेघा मारतो, पेनानं भरतो, त्याचा फोटो काढतो आणि पाठवतो. तिकडं कुणीतरी मान वाकडी करून तो परत एक्सेलमध्ये भरतो. 2017 च्या कर्जमाफीच्या वेळी 66 रकान्यांचं कोष्टक भरून द्यायचं होतं. तेव्हापासून आमच्या क्लार्कची मान जी डावीकडं गेली ती तशीच आहे.

बऱ्याचदा सांगण्यासारखं काही नसतं. त्याचीही सोय आहे: 'माहिती निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा.' मग आम्ही निरंक पाठवतो. एकदा निरंक पाठवायचं राहिलं तर खुलासा मागवला, की निरंक का पाठवलं नाही. आम्ही खुलाशात लिहिलं: कारण निरंक. तो स्वीकारला गेला.

आमच्या शेजारच्या वारणा खोऱ्यात 1998 साली 70 गावं संगणकानं जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला होता. बघायला लांबलांबून माणसं येत. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी जवळून पाहिलं, तेव्हा गावातले ते संगणक मुख्यतः ऊस किती गेला, खत किती आलं, एवढीच नोंद ठेवण्याच्या कामी लागत होते. तेवढं काम त्यांनी काही गावांत साध्या मोबाइलच्या एसएमएसवर चालवून दाखवलं. शेतकऱ्याला जगाचं ज्ञान नको होतं. आपला ऊस किती टन भरला हे काट्यावर न जाता कळावं, एवढंच हवं होतं. मी हे उदाहरण मोठ्या उत्साहानं सभेत मांडलं. आबांनी विचारलं, "मग त्या कॉम्प्युटरांचं काय केलं? सेकंडमध्ये मिळतील का?"

राहिला मंगळवार. तो संपवायचा तर चौदा रुपये 'अनामत' खात्याला टाकायचे, आणि त्याला अध्यक्षांची मंजुरी लागते. मंजुरी म्हणजे ओटीपी. आधी पासवर्डचीच पंचाईत झाली, कारण तो कालनिर्णयवर डिसेंबरच्या पानाच्या मागं लिहिलेला होता आणि जानेवारीत कालनिर्णय रद्दीत गेलं होतं. रद्दीवाला भला, त्यानं शोधून दिलं. पाठीमागं वड्याचं तेल लागलेलं, पण आकडे वाचता येत होते. तिथून पुढं कळलं, की अध्यक्षांचा ओटीपी अध्यक्षांना येतच नाही. तो माजी अध्यक्षांना जातो.

माजी अध्यक्ष म्हणजे नाना. गेल्या निवडणुकीत आबांच्या पॅनेलनं त्यांचं पॅनेल पाडलं. खुर्ची गेली, गाडी गेली, हॉलमधला फोटो गेला; ओटीपी मात्र नानांकडंच राहिला. मोबाइल नंबर बदलायचा अर्ज संगणकावर आहे. तो भरला की खात्री करण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी जातो.

क्लार्कनं फोन लावला.

"नाना, ओटीपी आला का?"

"आला की. कशासाठी हाय?"

"मंगळवार संपवायचाय."

"आमच्या काळात वार कधी अडकला न्हाई," नाना म्हणाले. "हां, घे लिहून. चार... सात... सात का एक, थांब, चष्मा आणतो."

चष्मा आला तोवर दहा मिनिटं झाली आणि ओटीपी मेला. दुसऱ्या वेळी नाना मळ्यात होते, रेंज नव्हती. तिसऱ्या वेळी पाच आकडे नीट सांगितले आणि सहाव्याला म्हणाले, "फोनवर आकडे सांगू नका असं ह्यातच लिवलंय. बँक सुद्धा विचारत न्हाई म्हणतंय. आबांना घरी पाठवा."

निवडणुकीपासून दोघांत बोलणं नव्हतं. गावच्या जत्रेत, दोन लग्नांत आणि एका मयतीत माणसांनी समेटाचा प्रयत्न केला होता; जमला नव्हता. त्या संध्याकाळी आबा, क्लार्क, लॅपटॉप आणि मी नानांच्या सोप्यात बसलो. ऊस, पाऊस, उड्डाणपूल असे विषय झाले. चहा आला. नानांनी मोबाइल पायजम्याच्या खिशातून काढला, पुसला, लांब धरला आणि एकेक आकडा, गणपतीच्या लिलावात बोली वाढवावी तसा, मोठ्यानं सांगितला. मंगळवार संपला. आबांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात पडद्यावर आलं: बुधवार बाकी आहे, ओटीपी टाका.

नानांनी आत बघून दुसऱ्या चहाची ऑर्डर दिली.

तारखा मार्गी लागल्या तेव्हा शेऱ्याचं प्रकरण पुन्हा उपटलं. एक वयस्क सभासद वार्षिक सभेत उभे राहिले. "माझा शेरा काढला म्हणं?" त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांच्या पानावर 'चोख' असा शेरा होता. बाप चोख, मुलगा चोख. दुष्काळात, पुरात, ऊस जळाला तेव्हाही. "दोन पिढ्यांनी मिळवलंय, आन तुमी टिंब दिलंय व्हय?" सभा हलली. गोड बोलणारा मात्र टिंबावर खूश होता. तो म्हणाला, झालं गेलं विसरून जावं.

शेऱ्यात आता काही भरता येईना, कंस तर चालतच नाहीत. शेवटी क्लार्कनंच तोड काढली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव झाल्यावर एक जागा सोडून त्यानं 'चोख' असं टाइप केलं. संगणकानं निमूटपणे घेतलं. टाळ्या पडल्या. ठराव झाला.

पुढच्या महिन्यात त्या सभासदांचा हप्ता पहिल्यांदाच दोन दिवस लांबला. मुलगा कराडला पैसे काढायला गेला होता, एटीएम बंद होतं. संगणकाला ते काय माहीत? त्यानं नावातला शेवटचा शब्द आडनाव समजून मोबाइलवर संदेश धाडला: 'प्रिय चोख, आपला हप्ता थकीत आहे.'

त्यांनी तो संदेश स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत भेटेल त्याला दाखवला. "बघा," म्हणाले, "आता दिल्लीच्या कॉम्प्युटरात बी नाव लागलं." पुढचं त्यांनी वाचलंच नव्हतं.